रडणाऱ्या शमादानाची मान

सभागृहात इतकी गर्दी, की पहिल्या रांगेत कुणी शिंकलं तर शेवटच्या रांगेतल्याची टोपी उडावी. सगळ्यांची नजर मंचावरच्या सोनेरी शमादानावर. जुन्या ग्रीक पुतळ्यांच्या धाटणीची ब्राँझची बाई, तिच्या डोक्यावर सहा मेणबत्त्यांच्या फांद्या. मेणबत्त्या निम्म्या जळाल्या की बाई रडू लागे. अश्रूबाबा ते अश्रू कापसावर टिपून आजाऱ्यांच्या जिभेवर ठेवत. मधुमेह असो, संधिवात असो की सासूबाईंचा राग, सगळ्यावर एकच थेंब.

जुन्या वस्तूंना सोन्याचा मुलामा देता देता मुलामेकाकूंचे केस पांढरे झाले होते. त्यांची धाकटी बहीण आज पहिल्या रांगेत होती. बाबांनी सुई म्हणजे अश्रद्धा असं सांगितल्यापासून चार दिवस तिनं इन्सुलिन घेतलं नव्हतं. सकाळी साखर मोजली, तर ती इतकी चढलेली, की यंत्राला आकडाच दाखवता येईना.

"ताई, तुला नुसता धातू दिसतो," बहीण म्हणाली होती.

म्हणून काकू धातूच बघायला आल्या.

"सोनं वितळत नाही, बाळांनो. करुणा वितळते," बाबा घोळवून घोळवून सांगत होते.

दर्शनाच्या निमित्तानं काकू मंचावर चढल्या. असल्या वस्तू तुकड्यातुकड्यांनी ओततात, आतून पोकळ ठेवतात आणि पेचांनी जोडतात. इथला मुलामा जुना, मंदावलेला. पण मानेमागच्या पेचाची खाच मात्र काल-परवा उघडल्यासारखी लखलखीत. काकूंचं डोकं तापलं. त्यांनी मेणबत्त्या विझवल्या, फांद्या उतरवल्या आणि पिशवीतून पेचकस काढला.

हात झडतील, बाबा किंचाळले.

"झडले तर मुलामा देऊन परत बसवीन."

काकूंनी ते गरम डोकं रुमालात धरून उपटलं आणि उलटं केलं. पातळ चरबी मंचावर सांडली, खवट वास सुटला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुईएवढी भोकं होती. धातू थंड असला की चरबी गोठून भोकं बुजत. वर सहा ज्योती पेटल्या की ब्राँझ तापे, चरबी पाघळे, बाई रडे. एवढीच करुणा.

मला तर गुण आला होता, कुणीतरी कुरकुरलं.

"चार दिवस बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक असतो," काकू कडाडल्या. "जो औषध सोडायला लावतो, त्याला आधी त्याची वस्तू उघडून दाखवायला सांगा. आढेवेढे घेतले, तर तिथंच ओळखा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, सुई सोडू नका."

बहिणीचे ओठ कोरडे पडले होते. "ताई, सुई कायमची सुटेल असं वाटलं गं."

"कुणाला वाटत नाही? त्या वाटण्यावरच हा पोसला गेलाय." गर्दी आवरायला दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या हवाली बाबांना करून काकूंनी बहिणीच्या कमरेत हात घातला आणि तिला इस्पितळाकडे चालवलं.