पोवळीचे अडखळणे

मित्रांनो, मी 'खाडीखालचे गाव' या गोष्टीच्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. माझी पाठ दोनदा चिकटपट्टीने सांधलेली आहे, आणि मधल्या एका पानावर आमरसाचा डाग आहे. तो डाग प्रांजलचा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

उत्तराताई नावाच्या लेखिकेने मनोरीला राहून ही गोष्ट लिहिली. पाण्याखाली गेलेले एक गाव, त्यावर पहारा देणारा डोंगराएवढा चिंबोरा, म्हणजे खेकडा, आणि ते गाव परत मागायला निघालेली पोवळी नावाची मुलगी. ही पोवळी बोलताना अडखळते.

मुलुंडच्या एका प्रदर्शनात रुचिराने मला उचलले आणि घाटकोपरच्या आपल्या घरी आणले. तिची मुलगी प्रांजल तेव्हा नुकतीच वाचायला लागली होती. प्रांजलही अडखळायची. 'प' आणि 'म' तर तिच्या ओठांवर अडूनच बसायचे. म्हणजे स्वतःचे नाव सांगणे कठीण, आणि 'मला' म्हणणेही कठीण.

रुचिरा तिला मांडीवर घेऊन वाचू लागली. पोवळीचे पहिले वाक्य आले, "म... म... मला आत येऊ दे." प्रांजलचा चेहरा पडला.

"आई, तू म... मला चिडवतेस?"

"नाही गं राणी. छापलंय तसंच. हे बघ."

प्रांजलने त्या तिन्ही 'म'वर बोट ठेवून पाहिले. मग तिने मला आईच्या हातातून ओढूनच घेतले. त्या दिवसापासून माझी जागा तिच्या उशीशेजारी झाली. कुणाच्या इतक्या जवळ राहायला मिळावे, याहून पुस्तकाला आणखी काय हवे असते?

पुढे माझ्यावर सिनेमा निघाला. पहिल्या भागात माझी अर्धी गोष्ट होती, आणि ती त्यांनी फार मायेने केली होती. पडद्यावरची पोवळीही अडखळत होती. तो पाहून आल्यावर प्रांजलने स्वतःहून शाळेच्या स्नेहसंमेलनात नाव दिले. माझे शेवटचे पान ती वाचून दाखवणार होती. त्या पानावर पोवळी चिंबोऱ्यासमोर उभी राहते. सगळ्यांनी त्याला दरडावून पाहिलेले असते, पण तो कुणाला दाद देत नाही. पोवळीला मात्र एक वाक्य बोलायला अख्खे पान लागते, आणि तो खाली वाकून ऐकत राहतो. त्याच्याशी बोलायला इतका वेळ कुणी दिलेलाच नसतो.

संमेलनाच्या आधी दुसरा भाग आला. प्रांजल मला पिशवीत घालून घेऊन गेली. बरोबर तिचे बाबा सुबोध आणि चुलतभाऊ केयूर होते. अंधारात तिने मला मांडीवर उघडले आणि शेवटच्या पानात बोट घालून ठेवले.

पडद्यावरचा चिंबोरा आग ओकत होता. इमारती कोसळत होत्या. मध्येच एक गाणे झाले. आणि शेवटी पोवळीने एक चमकणारा मोती गिळला. लगेच तिचा आवाज खणखणीत झाला. तिने न थांबता एक लांबलचक संवाद फेकला आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या.

प्रांजलचे बोट माझ्यातून अलगद निघून गेले. मी मिटले. मला ओरडून सांगायचे होते, 'अगं, माझ्यात मोती नाही!' पण पुस्तकाला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

"काय बंडल पिक्चर यार!" केयूर बाहेर आल्या आल्या म्हणाला. "चिंबोऱ्याच्या तोंडातून आग? गोष्टीची पार वाट लावली."

"चालायचंच रे, सिनेमा आहे," सुबोध म्हणाला.

सरकत्या जिन्यावर प्रांजलने विचारले, "बाबा, म... म... मोती कुठे मिळतो?"

सुबोध हसला. "कानातले हवेत का तुला? घेऊ की."

तिने मला पिशवीत घातले.

घरी रुचिराला सगळा प्रकार कळला. तिने माझे शेवटचे पान काढले. "हे बघ, खरी गोष्ट ही आहे."

"ती जु... जुनी गोष्ट आई," प्रांजल समजुतीने म्हणाली, जणू आईच लहान होती. "आता ती ब... बरी झाली."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत नाव मागे घेतले. वर्गाच्या संघमित्राबाईंनी पुष्कळ समजावले, पण ती ऐकेना. शेवटी ते पान जानकी नावाच्या मुलीला दिले. मी जानकीकडे गेले, आणि तेही प्रांजलच्याच हातून.

जानकी गुणी मुलगी आहे, तिला बोल लावू नका. तिने मला स्वच्छ हातांनी धरले आणि फार सुरेख वाचले. फक्त अडखळणारी अक्षरे तिने गाळली. पोवळीचे अख्ख्या पानाचे वाक्य एका दमात संपले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिच्या हातात उघडी होते, सगळी अक्षरे माझ्यावर जागच्या जागी होती, तरी मला काही करता आले नाही. समोर पहिल्या रांगेत प्रांजलही टाळ्या वाजवत होती.

परतताना ती मला छातीशी धरून चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आई, पोवळी त्या प... पानावर थांबते. जानकी थांबलीच नाही."

रुचिरा भर रस्त्यात तिच्यासमोर बसली. "मग तू वाच ना. फक्त मला दाखव, कशी थांबते ते."

"नको."

हा एकच शब्द तिला कधी अडत नाही.

सध्या मी टीव्हीशेजारच्या फळीवर असते. रुचिरा रोज माझ्यावरची धूळ पुसते, कव्हर नीट करते. पण मित्रांनो, पुस्तक जपणे म्हणजे एवढेच नव्हे. आमच्यात जे जसे लिहिले आहे, ते तसेच वाचा. आणि तुमच्या शेजारच्या बाकावर कुणी बोलता बोलता अडले, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, त्याला मोतीही शोधून देऊ नका. फक्त थांबा. त्याचे बोलून होईपर्यंत थांबा.