अणुभट्टीतला जावई

विनीच्या वडिलांना, बर्नार्डना, विचार करायला मनापासून आवडत असे. निर्णय घेणं मात्र त्यांच्या जिवावर येई. गोराईच्या एका माणसाचा बैल घ्यावा की नाही यावर त्यांनी तीन पावसाळे विचार केला होता. शेवटी होकार कळवायला ते होडीतून पलीकडे गेले, तर बैल म्हातारा होऊन गोठ्यात बसलेला. "बघा, घाई केली नाय म्हणून वाचलो," असं त्यांनी घरी येऊन वर ऐटीत सांगितलं. बोरिवलीच्या गावठाणात ही गोष्ट सगळे हसून सांगत. विनीसुद्धा हसायची. हल्ली हसत नव्हती, कारण आता बैलाच्या जागी जॉन होता.

जॉन अंधेरीच्या गावठाणातला. नाकीडोळी नीटस, दारू बेताची, चर्चमध्ये आवाज मोठा. स्थळ म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. पण तो नोकरीला होता ट्रॉम्बेच्या नव्या अणुभट्टीत, आणि घोडं तिथेच अडलं होतं. मार्चमध्ये त्याला शिकायला परदेशी पाठवणार होते, दोन वर्षांसाठी. लग्न व्हायचं तर ते चाळीस दिवसांचा उपासाचा काळ लागायच्या आधीच, कारण उपासात लग्नं लागत नाहीत. त्याच्याही आधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायला हवी होती. जानेवारी संपत आला होता आणि बर्नार्ड अजून अणुशक्तीचे फायदे-तोटे तोलत होते.

तोलायचं कसं, तर भेटेल त्याला विचारून. आपल्या वाडीतली भाजी दारोदार विकताना डॉक्टरांच्या दारात टोपली उतरवता उतरवता त्यांनी डॉक्टरना विचारलं. डॉक्टर म्हणाले, या किरणांनी कॅन्सर जाळता येतो. बर्नार्ड खूश झाले. मग न्हाव्याकडे गेले. न्हावी म्हणाला, याच किरणांनी जपानात माणसांचे केस मुठीमुठीने गळले, आमचा तर धंदाच बसेल. बर्नार्डचं तोंड उतरलं. फादर म्हणाले, देवाने बनवलेली शक्ती आहे, माणूस ती कशी वापरतो त्यावर सगळं. यातून त्यांना काहीच मिळालं नाही. होडीवाला म्हणाला, भट्टीचं पाणी खाडीत सोडलं तर बोंबील उजेड पाडत येतील, बाजारात कंदील नको. या माणसाच्या बोलण्यावर बर्नार्ड दोन दिवस खरोखर विचार करत होते.

विनी शाळेत लहान मुलांना शिकवायची. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यावं तर पप्पा ओसरीवर हनुवटी धरून बसलेले.

"पप्पा, तुम्ही लग्न जॉनशी लावताय की अणुशक्तीशी?"

"पोरी, तो दिवसभर जिथं बसतो ते घरी घेऊन येणार ना? कोळीण बाजारातनं आली की घराला वास येतोच."

शेवटी एका रविवारी त्यांनी जॉनलाच जेवायला बोलावलं. जॉन रात्रपाळी संपवून थेट आला. शर्टाच्या खिशाला त्याने एक चपटी डबी अडकवलेली होती. ही डबी खरं तर कामावरून निघताना गेटवरच ठेवायची असते. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर ऐट करायला पठ्ठ्याने ती तशीच आणली होती.

"अंगाला किती किरण लागले ते ही डबी मोजते," तो म्हणाला. "दर पंधरवड्याला तपासतात. आमच्याकडे सगळा हिशेब असतो, अंकल."

मग त्याने भट्टीची गोष्ट सांगितली. खोल हौद, स्वच्छ पाणी, आणि तळाशी आपोआप पेटलेला निळा उजेड. विनी हातातला घास हातात ठेवून ऐकत राहिली. तो म्हणाला, अशा मोठ्या भट्ट्या झाल्या की मूठभर धातूत आख्ख्या गाडीभर कोळशाचं काम होईल, धूर नाही, काजळी नाही, आणि या गावठाणातसुद्धा घरोघरी विजेचे दिवे लागतील.

बर्नार्डनी छताला टांगलेल्या कंदिलाकडे पाहिलं. दिव्यांचं त्यांना पटलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "जळलं म्हणजे राख होणार. चुलीची राख आम्ही भांड्याला लावतो, वांग्याला टाकतो. तुमच्या राखेचा काय करणार?"

"ती पुरून ठेवायची, अंकल. तिच्यातून किरण येत राहतात."

"किती दिवस?"

"बरेच."

"माझ्या नातवापर्यंत?"

जॉन जरा अडखळला. "त्याच्याही पुढे," तो म्हणाला.

"मग राखणीला कोण बसणार?"

"ते अजून कोणीच ठरवलेलं नाय, अंकल," जॉनने सरळ सांगून टाकलं. विनीला तो त्या क्षणी फार आवडला आणि त्याचा रागही आला. मेल्याने काहीतरी ठोकून द्यायचं ना!

तेवढ्यात ल्युसी आत्याने घोळ घातला. ही बर्नार्डची थोरली बहीण, विनीची आई गेल्यापासून घर हीच सांभाळायची. तिने जॉनला आग्रहाने वाढता वाढता कोळंबीचं कालवण त्याच्या शर्टावर सांडलं. शर्ट काढून घेतला, विहिरीवर धुतला, आणि जॉन बर्नार्डच्या ढगळ सदऱ्यात अवघडून बसला. विनी पाणी आणायला आत गेली तर आत्या घरातल्या अल्तारासमोर, म्हणजे येशूच्या देव्हाऱ्यासमोर, उभी, हातात ती डबी, आणि अंगठ्याच्या नखाने ती उघडायची खटपट चाललेली.

"आत्या, काय करतेस?"

"कुठला संत हाय ते बघते."

गावातल्या म्हाताऱ्या बायका संताचं बारीकसं चित्र कापडात शिवून छातीशी बाळगत. आत्याला डबी त्यातलीच वाटली होती. आतून काळा कागद निघाला. तो उलगडला, तर करड्या रंगाचा एक पातळ तुकडा. आत्याने तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिला.

"आत कोणीच नाय गं," ती कळवळून म्हणाली. "बिचारा पोरगा उघडा फिरतो." तिने सगळं होतं तसं घडी घालून ठेवलं, वर तीर्थाचे दोन थेंब शिंपडले आणि डबी शर्टाला परत अडकवली. विनीने तोंडात पदर कोंबला. जॉनला सांगितलं तर आत्या ओशाळली असती, म्हणून तिने सांगितलं नाही.

पुढचा रविवार आला. नावं पुकारायला सुरुवात करायची तर हा शेवटचा. सकाळची प्रार्थना आटोपून सगळे घरी आले तर जॉन कुंपणाबाहेर उभा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"आत ये की रे," बर्नार्ड म्हणाले.

"नको अंकल. इथूनच बोलतो." त्याने विनीकडे बघायचं टाळलं. "त्या डबीत फोटोची फिल्म असते. किरण लागले की ती काळी पडते. माझी पूर्ण काळी आलीय. एवढे किरण कुठे लागले, कुणाला कळत नाय. कामावरून बंद केलंय, रक्त तपासायला घेतलंय. पुढे काय होईल, मुलं होतील की नाय, मला माहीत नाय. तुम्ही विनीला माझ्या गळ्यात बांधू नका. तुम्ही विचार करत होता तेच बरोबर होतं."

फोटोची फिल्म हे शब्द विनीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. नाताळात मावसभावाच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडून तिने आख्खा रोल उजेड लावून काळा करून ठेवला होता, आणि त्यावरून महिनाभर बोलणी खाल्ली होती. काळा कागद, खिडकी, आत्याचं नख. सगळं तिच्या लख्ख ध्यानात आलं आणि तिने बोलायला तोंड उघडलं.

पण पप्पा आधीच बोलायला लागले होते. त्यांचा हात हनुवटीवर नव्हता, हे पाहून ती थांबली.

"विनीच्या आईचा तुला कोणी सांगितला नसेल," बर्नार्ड म्हणाले. "क्लॅरिसच्या छातीत दुखणा हाय, असा डॉक्टरनी लग्नाच्या आधीच सांगितला होता. सगळा गाव बोलला, नको करू. मी एका दुपारी ठरवला. आयुष्यात तेवढा एकच काम मी घाईत केला."

जॉनने पहिल्यांदा विनीकडे पाहिलं.

"ही पोर सात वर्षांची असताना ती गेली. तेव्हापासून मला घाईची भीती वाटते. बैल घ्यायचा तरी भीती वाटते. पण ती घाई चुकली असा मला एक दिवस वाटला नाय." त्यांनी कुंपणाचं झावळ्यांचं फाटक बाजूला सारलं. "तू आजारी असशील तर आमी बघू. आत ये. फादर अजून चर्चमध्ये असतील, दुसऱ्या प्रार्थनेला आजच नावं पुकारायला सांगतो."

विनीने हे कधीच ऐकलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिने आत्याने डबी उघडल्याचं सांगून टाकलं.

जॉनने कुंपणाच्या खांबाला धरून खाली बसकण मारली आणि तो हसायला लागला. त्याचं हसणं थांबेना तसं आत्या घाबरून म्हणाली, "मी काय चोरला नाय हो त्यातला. होताच कोण आत?"

"अंकल," जॉन डोळे पुसत म्हणाला, "मी ठीक आहे. आता तुम्हाला शब्द मागे घ्यायचा असेल तर घ्या."

बर्नार्डचा हात हनुवटीकडे निघाला. विनीने तो वरच्यावर धरला.

"धरू नको, नाय घेत," ते म्हणाले. "पण राखेचा मला अजून पटलेला नाय. ते जावई झाल्यावर सांग." आणि टोपी घालून ते चर्चकडे चालू लागले. चांगले भराभर चालत होते.

जॉनला स्टेशनच्या वाटेपर्यंत सोडायला विनी निघाली. गावठाण मागे पडलं तसा तो फुरंगटला.

"तुला कळलं होतं, तर लगेच का नाय बोललीस? मी मरत होतो तिथं."

"तू मरत होतास म्हणून तर पप्पा बोलत होते," ती म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही. यावेळी आत्याचं नख होतं. भट्टी तर रोजच पेटणार होती, आणि हा रोज तिच्या काठाशी उभा राहणार होता. पप्पा इतके दिवस काय तोलत होते ते तिला आत्ता कळलं आणि तिला भीती वाटली.

"दर पंधरवड्याला फिल्म कशी आली ते मला सांगायचं," ती म्हणाली. "खरं खरं."

"आणि खरंच काळी आली तर?"

"तर सगळ्यात आधी मला सांगायचं. आणि कुंपणाबाहेरून नाही, घरात येऊन."