कपाटामागचा साचा

रामू तळवडेकरच्या तोंडून निघालेला आकडा ऐकणाऱ्याच्या कानात पोचेस्तोवर तिप्पट होतो, हे करी रोडच्या त्या अख्ख्या टॉवरला ठाऊक होतं. गिरणीत चौदा वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले, सांगताना बेचाळीस. वयाचं तेवढं उलटं. पंचाहत्तरीचा माणूस साठीच्या वर चढायला तयार नसे.

साचेखात्याच्या त्याच्या गोष्टी तर ऐकाव्यात. तिथं हवा ओली ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणून खिडक्या कायम बंद आणि डोक्यावरच्या नळ्यांतून पाण्याचं धुकं. "इतकी ओल, इतकी ओल," रामू सांगे, "की आमच्या मुकादमाच्या, जॉबरच्या, टोपीत बेडूक राहायचा. जॉबर ओरडायला लागला की आधी तो ओरडायचा. पगाराच्या दिवशी दोघंही रांगेत!"

एक गोष्ट मात्र तो न फुगवता सांगे. कापूस पिंजायच्या खात्यातली माणसं खोकून खोकून झिजली, छातीत धूळ बसली त्यांच्या. साचेवाले खोकले नाहीत. ओल धुळीला खाली बसवते. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल?

चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि तळवडेकर नवव्या मजल्यावर गेले. मीराबाई, त्याची बायको, नव्या घरात जेमतेम वर्षभर राहिली आणि गेली. उरले रामू, मुलगा विनीत, सून रुपाली आणि सहा वर्षांची नात मनू. रामूची खोली मागची. तिच्या भिंतीपलीकडे बाथरूम.

त्याच भिंतीला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक दिवस फुगवटा आला. रामूने बोट दाबलं तर रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून काळपट ओल निघाली. त्याने बोट नाकाशी नेलं. ओलं सूत, खळ, तेल! रामू खाटेवर बसला. डोळे भरून आले. गिरणीच्या जागेवर काचेच्या इमारती झाल्या, बरोबरीचे गडी एकेक करून गेले, आणि इतक्या वर्षांनी साचेखात्याने त्याचा पत्ता शोधून काढला होता.

विनीतला सांगितलं असतं तर त्याने आठवड्यात भिंत फोडून, पाइप बदलून, वर पांढरा रंग फासला असता. रामूने सांगितलं नाही. दुपारी घरात कोणी नसताना लोखंडी कपाट सरकवून त्या जागेवर आणलं. कंबर धरली, तर म्हणाला, व्यायाम केला.

भिंतीत पाणी ठिबकायचं, टक्… टक्. मनूच्या कानांनी ते पहिल्यांदा टिपलं.

"आजोबा, आत कोण आहे?"

"माझा साचा गो. गिरणी बंद झाली तेव्हा रात्री तिथून निघाला, मला शोधत आला. ऐक, धोटा चाललाय. धागा घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे."

मनूने मोबाइलची बॅटरी लावून कपाटामागे डोकावलं. भिंतीवर काळी तार तारेत गुंतत पसरली होती. "कापड पण आहे!"

"मग! विणणार नाही तर काय करणार? पण कोणाक सांगू नको हां, बाय माझी. सांगितलं की धागा तुटतो."

पोरीने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. त्यानंतर शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी कपाटामागे बघायची. "आजोबा, आज कापड कपाटाच्या अर्ध्यावर आलं." "आजोबा, आज कडेपर्यंत." रामू खूश. साचा लाखात एक निघाला होता.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मनूला खोकला लागला. औषध झालं, मग तोंडात फवारायचा पंप आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शीवला आईच्या आईकडे राहिली तर वीस दिवस एकदाही खोकली नाही. घरी परतली आणि चौथ्या दिवशी पुन्हा सुरू.

"शीवला कशी बरी असते?" रुपाली विचारात पडली.

"तिथे अभ्यास नाही ना, म्हणून," रामू म्हणाला. मग त्याने स्वतःचं डोकं चालवलं. करी रोडला रात्रंदिवस बांधकामं, त्यांची धूळ. म्हणजे पोरीच्या छातीत धूळ! आणि धुळीवर औषध काय, ते साचेवाल्याला विचारायचं. त्याने मनूची गादी पुढच्या खोलीतून उचलली आणि आपल्या खोलीत, थेट कपाटाला लावून टाकली. खिडकी लावली. फटीत फडकी कोंबली.

"बाबा, या खोलीत कसला तरी वास येतो," रुपालीने एकदा दारातच थांबून म्हटलं.

"म्हाताऱ्या माणसाचा वास गो तो," रामू हसला. "आता त्याला काय करतेस?"

रुपाली ओशाळली. पुन्हा कधी बोलली नाही. आपण सुनेला कशी गप्प केली याची गंमत रामूला दोन दिवस पुरली.

गणपती होऊन गेले आणि एका दुपारी मनू जेवताजेवता थांबली. घास हातात. खांदे वर-खाली होत होते, पण श्वास कुठे लागतच नव्हता. गळ्याखाली खड्डा पडत होता, ओठ जांभळे पडायला लागले. रुपालीने पंप दिला, पुन्हा दिला. मग तिला उचलून लिफ्टकडे धावली, अनवाणी. मागून रामू. टॅक्सीत त्याला एकही गोष्ट सुचली नाही.

हॉस्पिटलात मास्क लावल्यावर तासाभराने ओठांचा रंग परत आला. विनीत ऑफिसातून आला, तोही भेदरलेला. डॉक्टर वैदेही तरुण होत्या, पण प्रश्न विचारताना पेन खाली ठेवायच्या.

"घरात कुत्रं, मांजर? कोणी सिगारेट ओढतं?"

"नाही."

"भिंतींना ओल? काळी बुरशी? नीट आठवा. बुरशी श्वासातून जात असेल तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. पुढच्या वेळी मुलगी इथपर्यंत पोचेलच असं नाही."

"अहो, नवी बिल्डिंग आहे," विनीत म्हणाला. "कुठे डाग सुद्धा नाही."

रामूने मनूकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. मास्कच्या आत छाती भात्यासारखी चाललेली, आणि तरी पोरीने सुई टोचलेला हात हळूच उचलला, मास्कवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नाही सांगायचं.

बाजूच्या बाकाचा आधार घेऊन रामू उठला.

"ओल आसा," तो म्हणाला. "माझ्या खोलीत. कपाटाच्या मागे. दोन वर्षां झाली."

विनीत हसला. बाबांचं नेहमीचं, त्याला वाटलं. "बाबा, ही वेळ आहे का?"

"खरा सांगतंय रे!" रामू ओरडला. "तिची गादी मीच थंय टाकलंय."

डॉक्टरांनी पेन उचललं. रुपालीने मनूची खाट आणि रामू यांच्या मधली जागा धरली आणि ती तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शामराव प्लंबर आला. कपाट सरकवलं तर मागे जमिनीपासून कपाटाच्या माथ्यापर्यंत काळंभोर. कपाटाची पाठ गंजून जाळी झालेली, आतल्या मीराबाईच्या नऊवारींवरही तेच काळं विणलेलं. शामरावने तोंडाला रुमाल बांधला आणि हातोडी मारली. गिलावा भिजल्या भाकरीसारखा पडला. आत पाइपच्या जोडाला केसाएवढी चीर होती.

"एवढ्याशा गळतीला दोन वर्षं पोसलंत, काका?" शामराव म्हणाला. "तेव्हाच बोलावलं असतं तर एका सकाळचं काम होतं."

एरवी रामूने त्याला जॉबरचा बेडूक ऐकवला असता. तो पोतं धरून उभा राहिला. शामराव भरत गेला, रामू पोत्यांची तोंडं बांधत गेला. विनीतने सगळं पाहिलं. बापाला रागावला नाही, तेच वाईट. जेवायला बस म्हणाला, पाणी दिलं, आणि तोंड फिरवून बसला.

मनूला घरी आणलंच नाही. शीवला नेलं. तिथलीच शाळा बघितली. रामूला दीड महिन्याने भेटायची परवानगी मिळाली. रुपालीने दारातच धुतलेला सदरा पुढे केला. "बाबा, अंगातला काढून पिशवीत ठेवा. तिला त्रास नको." रामूने जिन्यातच सदरा बदलला, शेजारीण बघत असताना.

मनू उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झालेला.

"आजोबा, मी कोणाला नव्हतं हां सांगितलं."

"ठाऊक आहे, बाय."

"मग धागा कसा तुटला?"

"मी तोडला."

"आणि कापड? इतकं सगळं?"

"शामरावने पोत्यांत भरून नेलं. अकरा पोती."

"अकरा?" तिचे डोळे मोठे झाले. तिने दाराकडे, आईकडे पाहिलं. आजोबांचा आकडा आईने कमी करून सांगायचा, हा घरातला खेळ होता.

"अकराच होती," रुपाली म्हणाली.

मनू बोटं दुमडून एकेक पोतं मोजायला लागली, आणि सातव्यावर श्वास घ्यायला थांबली.