आबासाहेबांचा खासगी सूर

शहात्तर सालच्या गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्याचे चेअरमन मानसिंगराव, म्हणजे सगळ्यांचे आबासाहेब, वायरलेसवर फार चिडलेले होते. माढ्याच्या गट ऑफिसशी बोलावं तर केमच्या गट ऑफिसातही ते साफ ऐकू जायचं. तिथं बाकावर बसलेले शेतकरी बिड्या ओढत चेअरमनचा शब्दन् शब्द झेलायचे. अशानं माणसानं राजकारण करायचं तरी कसं?

"धोंडीराम, ज्याला सांगायचं त्यालाच कळलं पायजे. येवढं जमव, तुला कायम करतो," आबासाहेब म्हणाले.

धोंडीराम कारखान्याचा वायरलेस ऑपरेटर, कित्येक वर्षं टेम्परवारी. कायम झाल्याशिवाय क्वार्टर नाही, आणि क्वार्टर मिळेपर्यंत बायको गोजरबाई माहेरी. तो जिद्दीला पेटला. मुंबईच्या कंपनीचं महागडं यंत्र घ्यायला संचालक मंडळ तयार नव्हतं. मग त्यानं सोलापुरातून मोडक्या रेडिओंचे भाग आणले, साबणाच्या डबीत एक ट्रान्झिस्टर नि थोडे कपॅसिटर बसवले आणि दोन बटणं लावली. एक दाबलं की बारीक शिट्टी जायची नि फक्त माढ्याचा सेट जागा व्हायचा. दुसऱ्यानं फक्त केमचा. शिट्टी ओळखणारी जोडणीही त्यानंच दोन्ही सेटांत करून दिली. सूर केसभर हलत नव्हता. धोंडीराम डबीच्या प्रेमातच पडला.

आबासाहेबही पडले. त्यांनी माढ्याला सांगितलं, "यंदा पयली तोड तुमची." मग दुसरं बटण दाबून तेच केमला सांगितलं.

दोन्हीकडचा ऊस एकदम तुटला. कारखान्याच्या आवारात बैलगाड्यांची ही रांग लागली, ऊस वाळून हलका व्हायला लागला आणि शेतकरी चेअरमनच्या दारात येऊन भिडले.

"मी माढ्यालाच बोललो व्हतो," मानसिंगराव हात जोडून म्हणाले. "ह्या डबड्यानं केमलाबी ऐकवलं. इचारा की धोंडीरामाला!"

सगळे त्याच्याकडे वळले. डबी निर्दोष होती; आबासाहेबांची थाप तिनं ज्याची त्याला नीट पोचवली होती. खरं काय ते धोंडीरामाच्या ओठांवर आलं होतं. मग त्याला क्वार्टर दिसलं.

"व्हय. माजंच चुकलं."

केमचा भीमा पुढं झाला. "चुलीत घाल तुजं यंत्र! आमचं वाटुळं केलंस की!"

धोंडीरामानं मान खाली घातली. आबासाहेबांनी मोठ्या मनानं त्याला सगळ्यांसमक्ष माफ केलं.

मंडळाच्या बैठकीत तो कायम झाला. मग आबासाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली.

"माज्या घरच्या सेटलाबी असलंच एक बसव. सूर मातूर हुबेहूब ह्योच ठेव. लई चोख काम केलंयस."

"व्हय आबासाहेब," धोंडीराम म्हणाला. त्याच्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी चोख म्हटलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायची सोय उरली नव्हती.