वीतभर अंतर

गाडी थांबली तेव्हा ती आणि बाबांचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर होतं. माझा पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता, आणि बाबा शांतपणे रस्ता ओलांडत होते. त्यांना काही कळलंच नव्हतं.

बाबांना नऊ वर्षांपासून दिसत नाही. तरी रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणायला एकटे जातात. कडेला उभं राहून कानोसा घेतात, गाडी नाही असं वाटलं की निघतात. कुणी सोबत येतो म्हटलं की त्यांचा पारा चढतो. ब्रेड हे नुसतं निमित्त. आपल्या पायांनी जाऊन परत येणं, एवढंच त्यांच्या हातात उरलंय.

माझं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान आहे. पोचवायच्या फेऱ्या सगळ्या जवळच्या, म्हणून कंपनीने ही विजेवरची गाडी महिनाभर वापरून बघायला मला दिली. तोवर अशी गाडी रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. शेजारी कंपनीचा इंजिनिअर, त्याच्या मांडीवर नोंदींची वही. मी तर हुरळूनच गेले होते. हिचा आवाजच येत नाही, हे अख्ख्या गल्लीत सांगत सुटले. बाबांनाही चारदा सांगितलं. घरात आंधळा बाप असून माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी उतरून हाक मारली. ते थबकले. मी इथे कुठून उगवले, असं त्यांनी हसत विचारलं. त्यांचा हात धरून मी बॉनेटवर ठेवला.

त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग पुन्हा पुढे करून बॉनेटची कड चाचपली, तिथून स्वतःच्या गुडघ्यापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. त्यांचं हसू विरलं.

"चालू आहे ही?"

"हो, बाबा."

इंजिनिअरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो खाली उतरून माफी मागू लागला. बाबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"अशा अजून किती येणार आहेत?"

त्या क्षणी तो खोटं बोलला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

"हळूहळू सगळ्याच, काका."

बाबांनी मान हलवली. ब्रेडची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात माझ्या दिशेने हवेत धरला.

"घरी ने मला," ते म्हणाले.