खिडकीतली बक्षिसाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. पारदर्शक, आणि एके काळी भलतीच गर्विष्ठ. आज सगळे सांगते, पण मान खाली घालून.

ऑस्ट्रेलियातल्या ट्रेविन कुटुंबाची निलगिरी तेलाची भट्टी होती. जमिनीतल्या टाकीत पाला भरायचा, पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग वाफ सोडायची. भट्टीचा मालक क्लॅरी ट्रेविन; त्याची तरुण मुलगी मर्ल पाला तुडवण्यात पटाईत. पुढे भट्टी तीच चालवणार होती. त्यांच्या तेलाने जंतू मरतात, म्हणून गावात घरोघरी त्याचा डबा असे.

शेतकी जत्रेत तेलाचा नितळपणा बघून बक्षीस देत, म्हणून स्पर्धेचे तेल बिनरंगी, पारदर्शक काचेतच भरावे लागे. मला पहिले बक्षीस मिळाले. गळ्यात निळी फीत बांधून क्लॅरीने मला उन्हाच्या खिडकीत ठेवले. तिथे मी सहा वर्षे मिरवले. येणारा-जाणारा बूच काढून वास घेई. ऊन आणि हवा वस्तू खराब करतात. ताजे तेल त्यांच्याशी झुंजते, पण झुंजता झुंजता तेही बिघडते. माझ्या पोटातले तेल पिवळट, चिकट झाले होते. मला ते कळत होते, पण फितीचा मोह सुटत नव्हता.

एके दिवशी टाकीत काम करताना मर्लच्या पोटरीत पाला ओढायचे लोखंडी दाताळे घुसले.

“डब्यातलं लावा हो, कालच काढलंय,” तिची आई ईनिड म्हणाली.

“माझ्या पोरीला डब्यातलं? घरात बक्षिसाचं असताना?” क्लॅरीने मला उचलले.

“बाबा, आग होतेय!”

“म्हणजे लागू पडतंय. एवढी टाकी तुडवतेस आणि चार थेंबांना रडतेस?”

लागू पडत नव्हते. कातडीवर फोड आले, जखम चिघळली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पाय वाचला, पण टाकीत उतरण्याजोगा राहिला नाही.

क्लॅरी माझ्यासमोर बसून रडला. तेवढ्यात मर्ल लंगडत आली. “बाटलीचा काय दोष, बाबा? तिला खिडकीत आपणच बसवलं.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

मित्रांनो, औषध उन्हात ठेवू नका, आणि शोभेसाठी तर मुळीच नको. मी आता रिकामी, कपाटात मागे पडून असते. गेल्या जत्रेत मर्लने आपले तेल ऊन अडवणाऱ्या तपकिरी बाटलीत भरून नेले. परीक्षकांनी पारदर्शक काचेचा नियम दाखवून तिला परत पाठवले. घरी येऊन तिने ती बाटली माझ्या शेजारी अंधारात ठेवली. तिच्या गळ्यात फीत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.