बिनखिशाचे सदरे

खडूचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता आणि तो कुठं ठेवायचा हे तिला सुचत नव्हतं. मशीनच्या फळीवर ठेवला की घरंगळतो, डब्यात टाकला की सापडत नाही, म्हणून सकाळपासून तो डाव्या हाताच्या दोन बोटांत अडकवून ती शिवत होती. अंगातल्या कुडत्याला चांगले दोन खिसे होते. ती तिथून निघून आली त्याच आठवड्यात, दोन वर्षांपूर्वी, ताईनं मुद्दाम तसा घेतला होता... पण अकरा वर्षं खिसाच नसला की हात तिकडे वळायचं विसरतो.

"होबाई, जरा इकडे ये."

होबाई म्हणजे तीच. कुणी काही सांगितलं की आधी तिच्या तोंडून 'हो' निघायचं आणि मग काय सांगितलं ते कळायचं, म्हणून कारखान्यानं हे नाव ठेवलेलं. हाक मारणारा मास्तर जिभेनं तिखट, मनानं बरा. त्यानं राखाडी सदऱ्यांचा गठ्ठा टेबलावर टाकला. सिनेमाचं काम होतं. एका पंथातून पळून आलेल्या बाईची गोष्ट, आणि पंथातल्या माणसांसाठी एकसारखे बेचाळीस सदरे. कागदावरच्या चित्रात प्रत्येक सदऱ्याला डाव्या बाजूला खिसा होता. शिवलेल्यांपैकी एकालाही नव्हता.

"खिसे काय उंदरांनी खाल्ले?"

तिनं सदरे उलटसुलट करून पाहिले. चुकल्यासारखं काही दिसेना, हीच तर पंचाईत. चित्र तिनं डोळ्यांसमोर टाचून ठेवलं होतं, खिसा रोज दिसत होता, आणि तरी हात आपले ती अकरा वर्षं तिथं, तिच्या पंथात, शिवत तसेच शिवत गेले — तिथंही शिवणकाम तिच्याचकडे होतं. ज्याच्याजवळ लपवायला काही नाही त्याला खिसा कशाला, असं थोरले म्हणत. तिथल्या प्रमुखांना सगळे थोरलेच म्हणत. संध्याकाळी जेवणाआधी गोल करून बसायचं, एकेकानं उभं राहायचं आणि दिवसभर मनात काय काय आलं ते सांगायचं. सगळं. काही मागं राहिलंय असं थोरल्यांना वाटलं की पुन्हा सांगायचं, आणि तोवर जेवण थांबायचं, पोरांसकट सगळ्यांचं. मनात काही आलेलं नसलं तर मी बनवून सांगायची. मी छान सांगायची. हिच्याकडून शिका, असं थोरले बाकीच्यांना म्हणायचे.

"उसवून खिसे लावायचे म्हणजे दोन दिवस गेले," मास्तर म्हणत होता, तेवढ्यात सिनेमाची दिग्दर्शिका सदरे पाहायला आली. तिनं एक अंगावर धरला, हात सवयीनं खिशाच्या जागी गेला आणि नुसताच खाली घसरला. तिनं पुन्हा एकदा तिथं हात फिरवून पाहिला.

"हे कुणाला सुचलं?"

मास्तरानं वारा कुठून वाहतोय ते पाहिलं. "आमच्या या बाईंना. डोकं आहे त्यांना."

दिग्दर्शिकेनं तिला खिडकीपाशी नेलं. "तुम्ही अशा ठिकाणी राहिला होतात का?" आवाज मऊ होता. थोरल्यांचाही मऊच असायचा.

तिनं मान हलवली, म्हणजे हलली.

"सदरे असेच राहू देत. आणि उद्या सकाळी आमच्या नटीशी तासभर बोलाल? आठवेल ते सांगा. एकदा सगळं बोलून टाकलंत ना, की तुम्हालाही हलकं वाटेल."

'हो' जिभेवर येऊन बसलं होतं. काय सांगायचं तेही तयार होतं, कारण एकच गोष्ट सांगण्यासारखी होती — स्वयंपाकघरातल्या मैत्रिणीची. मैत्रिणीला बाहेरून लेकाचं पत्र आलं होतं. ठेवायला जागा नाही, म्हणून मीच ते तिच्या सदऱ्याच्या खालच्या दुमडीत शिवून दिलं, बारीक टाके घालून, बोटांनी चाचपलं तरी कळू नये असं. आणि चौथ्या संध्याकाळी माझ्यावर पुन्हा पुन्हा सांगायची पाळी आली, मागं एक पोर भुकेनं रडत होतं... पोराचं निमित्त. मला शाबासकी हवी होती. मी दुमडीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोलात मैत्रिणीची जागा रिकामीसुद्धा दिसली नाही, सगळे थोडे थोडे सरकून बसले होते. पुढं तिचं काय झालं ते ठाऊक नाही. नटीला ही गोष्ट नक्की आवडेल. आणि मी ती छान सांगेन.

"उद्या बघते," ती म्हणाली.

मशीनवर परतली तेव्हा मास्तरानं चष्म्यावरून पाहिलं. "होबाई, आज 'हो' घरी विसरलीस का?"

"हो," ती म्हणाली, आणि मास्तर हसला तशी तीही थोडी हसली.

संध्याकाळी घराच्या दाराशी किल्ली शोधताना खडूचा तुकडा हाताला लागला. कुडत्याच्या खिशात होता. कधी ठेवला, आठवेना. किल्ली मात्र पिशवीतच होती.

ताई ओट्याशी कांदा चिरत होती. "आलीस? काय झालं आज कामावर?"

ताई हे रोज विचारते, कुणीही विचारतं तसंच. आणि ती रोज सांगते, उभ्या उभ्या, किती वाजता कोण आलं, कोण काय म्हणालं, तिच्या मनात काय आलं, मग ताई हात जोडून म्हणते, पुरे गं बाई, मी काय पंचनामा करतेय. आजही ती उभीच होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"काही विशेष नाही," ती म्हणाली.

मैत्रिणीला झाकलं की स्वतःला, ते तिला कळत नव्हतं. ताईची सुरी थांबली, ताईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आता पुन्हा विचारेल, ती वाट पाहत राहिली...

"बरं," ताई म्हणाली. "हात धू, वाढते."

तिनं हात धुतले. ताट पुढ्यात आलं, गरम, नेहमीसारखंच. ती त्याच्याकडे पाहत बसली. उद्या काय करायचं ते ठरलं नव्हतं, मैत्रीण कुठं असेल तेही ठाऊक नव्हतं, आणि आपण काहीच सांगितलेलं नसताना हे वाढलं गेलंय, हे ती मनाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहत होती.

"जेव ना, निवतंय," ताई म्हणाली.